शाळेच्या ताटात जबाबदारीने धरलेली मासळी : मराठवाड्यातील पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याला समुद्र नाही. मग हा विषय आपल्या शाळांचा कसा?

समुद्र नसला तरी मराठवाडा मासळी न खाणारा प्रदेश नाही. पैठणच्या नाथसागरापासून नांदेडच्या विष्णुपुरीपर्यंत गोदावरीवर, सिंदफणेवरील माजलगाव धरणात, पूर्णेवरील येलदरी आणि सिद्धेश्वर जलाशयांत, मांजरेवरील धनेगावच्या धरणात भोई समाजाची आणि इतरही कुटुंबे मासेमारीवर पोट भरतात. गावोगावच्या आठवडी बाजारात कोकणातून आलेली सुकट (वाळवलेला जवळा) आणि सुके बोंबील पूर्वीपासून विकले जातात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्लेही जातात. निवासी शाळा, वसतिगृहे, खासगी शाळांची उपाहारगृहे आणि मुलांचे डबे यांत मासळी कमीअधिक प्रमाणात येतेच. ती कोणत्या पाण्यातून, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या जाळ्याने आली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ही विचारणा पालकांनी सुरू करावी, यासाठी हे पान लिहिले आहे.

‘शाश्वत मासळी’ म्हणजे नेमके काय?

आपण धरतो त्यापेक्षा अधिक मासा पाण्यात पुन्हा तयार व्हावा, धरण्याच्या पद्धतीने पाण्यातील इतर जीवांचा नाश होऊ नये आणि धरणाऱ्याला त्याच पाण्यावर पुढेही जगता यावे, अशा रीतीने मिळवलेली मासळी म्हणजे शाश्वत मासळी. व्याख्या सोपी आहे. बाजारात उभे राहून ती लावून पाहणे अवघड आहे. तिथे ती तीन गोष्टींवरून ताडता येते.

पहिली गोष्ट आकाराची. एकदाही अंडी न घातलेला मासा ताटात आला, तर पुढची पिढीही त्याच्याबरोबर ताटात आली असे समजावे. दुसरी गोष्ट हंगामाची. रोहू, कटला आणि मृगल हे आपल्याकडील प्रमुख मासे पावसाळ्यात, वाहत्या आणि गढूळ पाण्यात प्रजनन करतात, म्हणून जून ते ऑगस्ट या काळात अंड्यावर आलेल्या माद्या धरणे सर्वांत नुकसानीचे असते. तिसरी गोष्ट जाळ्याची. जाळ्याच्या आसाचा, म्हणजे छिद्राचा, आकार जितका लहान, तितकी बोटभर लांबीची पिल्ले अधिक अडकतात. काही ठिकाणी नदीच्या डोहात जिलेटीनचा स्फोट करून किंवा पाण्यात विषारी पदार्थ टाकूनही मासे मारले जातात. तेथे बारीक जाळेही लागत नाही. डोहातला सगळा जीव एकदम संपतो. अशी मासळी शाळेत फुकट देऊ केली तरी घेऊ नये.

शालेय पोषण आहारात मासळीची तरतूद आहे का?

स्पष्ट सांगायचे तर, महाराष्ट्राच्या शालेय पोषण आहाराच्या ठरलेल्या पाककृतींत मासळी नाही. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले आणि २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने चालते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा तिचा निकष आहे. तांदूळ, डाळ, कडधान्ये आणि भाजी यांतून तो गाठायचा असतो. राज्याला स्वतःच्या निधीतून जादा पदार्थ देता येतात. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देणे सुरू केले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी शासनाने थांबवला आणि लोकसहभागातून अंडी देण्याची मुभा ठेवली.

अंड्याचा हा अनुभव पालकांनी नीट लक्षात घ्यावा. जो पदार्थ केवळ वरून आलेल्या निधीवर ताटात येतो, तो निधी आटला की ताटातून जातो. त्यामुळे उद्याच जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत मासळी सुरू होईल, अशी आशा मी दाखवणार नाही. आज प्रयत्नांना वाव आहे तो निवासी शाळांत, किनवट आणि कळमनुरी परिसरातील आश्रमशाळांत, वसतिगृहांच्या भोजनगृहांत, खासगी शाळांत आणि समाजाच्या सहभागातून दिल्या जाणाऱ्या स्नेहभोजनात. स्नेहभोजनात मासळी ठेवायची असेल, तर मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी यांची लेखी संमती आधीच घ्यावी. तोंडी होकारावर विसंबून राहू नये.

पालकांनी सुरुवात कोठून करावी?

शाळा व्यवस्थापन समितीपासून. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. ज्या खासगी शाळांत ही समिती नसते, तेथे पालक-शिक्षक संघ असतो. वसतिगृहात भोजन समिती असते. नाव कोणतेही असो, आहाराविषयी प्रश्न मांडण्याची जागा तीच आहे आणि तेथे मांडलेला प्रश्न इतिवृत्तात येतो.

मी स्वतः दोन वर्षे अशा समितीवर होते. पहिल्या बैठकीत मी मासळीतील प्रथिनांवर पाच मिनिटे बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतले आणि पुढचा विषय सुरू झाला. दुसऱ्या बैठकीला जाताना मी एका कागदावर चारच प्रश्न लिहून नेले. आपल्या वसतिगृहात महिन्यातून किती वेळा मासळी येते, ती कोणाकडून घेतली जाते, ती कोणत्या जलाशयातील असते आणि ती बर्फात येते की नुसत्या गोणपाटात? या चारांपैकी एकाचेही उत्तर भोजनगृहाच्या व्यवस्थापकांकडे नव्हते, आणि त्यामुळेच पुढचा तासभर चर्चा त्याच विषयावर झाली. व्याख्यानापेक्षा नेमका प्रश्न अधिक उपयोगी पडतो, हे मी तेव्हा शिकले.

उत्तरे मिळाल्यावर पुढची पायरी खरेदीच्या पत्राची असते. पुरवठादाराला दिल्या जाणाऱ्या पत्रात मासळीचे नाव, किमान वजन, जलाशय, पुरवठ्याचे महिने आणि बर्फाची अट लिहावी, असा ठराव समितीकडून करून घ्यावा. ‘ताजी मासळी पुरवावी’ एवढेच लिहिलेल्या पत्राला काही अर्थ राहत नाही. शक्य असेल तेथे दलालाऐवजी जवळच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडून खरेदी करावी. संस्थेकडे जलाशयाचा ठेका असतो, मत्स्यबीज तिनेच सोडलेले असते, आणि पुढच्या वर्षीचे उत्पन्न त्याच पाण्यावर अवलंबून असल्याने लहान मासा न धरण्यात तिचाही फायदा असतो. जिल्ह्यातील अशा संस्थांची माहिती सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात मिळते.

आमच्या जिल्ह्यात कोणती मासळी मागावी?

कटला, रोहू आणि मृगल ही तीन नावे सर्वांत आधी. हे मासे धरणाच्या साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करत नाहीत. त्यांचे बीज केंद्रात तयार होते, जिऱ्याएवढी पिल्ले वाढवून बोटुकली झाली की जलाशयात सोडली जातात. बीज सोडायचे, वाढू द्यायचे आणि मोठे झाल्यावर काढायचे, असे हे चक्र आहे. ते पाळले गेले तर नदीतील नैसर्गिक साठ्यावर फारसा भार पडत नाही. तिन्ही मासे वेगवेगळ्या थरांत खातात, कटला वरच्या, रोहू मधल्या आणि मृगल तळाच्या, म्हणून एकाच तलावात ते एकमेकांच्या आड येत नाहीत. शाळेसाठी किलोपेक्षा कमी वजनाचा कटला किंवा रोहू घेऊ नये, असा माझा आग्रह असतो. वजन जास्त असेल तर त्याला वाढायला वेळ मिळाला असे समजते, आणि काटेही जाड असल्याने मुलांना ते दिसतात.

चिलापीबद्दल पालक नेहमी विचारतात. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. आपल्या जलाशयांत तो झपाट्याने वाढला आणि स्थानिक माशांच्या अन्नावर आणि जागेवर त्याने अतिक्रमण केले. त्याचे नवे बीज कोठेही सोडणे चुकीचे आहे. पण जो आधीच धरणात आहे तो धरून खाल्ला, तर धरणाचे काही बिघडत नाही, उलट भलेच होते. तो स्वस्त असतो, त्याला लहान काटे कमी असतात आणि बऱ्याच मुलांना तो आवडतो. म्हणून जलाशयातून धरलेली चिलापी शाळेने अवश्य घ्यावी, असे माझे मत आहे.

मरळ चवीला उत्तम आणि काट्यांना कमी, पण महाग; शाळेच्या खर्चात ती क्वचितच बसते. शेततळ्यातील मासळी हा मात्र नवा आणि चांगला पर्याय आहे. अनेक शेतकऱ्यांनी प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यांत कटला आणि रोहू वाढवण्यास सुरुवात केली आहे. असे तळे शाळेपासून चार-पाच किलोमीटरवर असेल, तर सकाळी काढलेला मासा दुपारच्या जेवणात येऊ शकतो, आणि त्या शेतकऱ्याचे मूलही बहुधा त्याच शाळेत असते.

कोणती मासळी घेऊच नये?

आफ्रिकन मांगूर. बाजारात त्याला थाई मांगूर असेही म्हणतात. हा मासा मांसभक्षक आहे, दूषित पाण्यातही जगतो आणि तळ्यातून निसटून नदीत गेला की स्थानिक मासे फस्त करतो. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली आणि पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात त्याचे साठे नष्ट करण्याच्या मोहिमाही झाल्या. तरीही तो लपूनछपून विकला जातो, कारण तो स्वस्त पडतो आणि पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहतो. देशी मांगूर वेगळा आणि खाण्यास योग्य असला, तरी कापलेल्या तुकड्यांवरून दोघांतील फरक सामान्य माणसाला कळत नाही. म्हणून शाळेच्या खरेदीपत्रात मांगूर नको, एवढेच सरळ लिहावे.

समुद्रातील मासळी मुलांना द्यायचीच असेल तर?

द्यावी, पण महिना आणि आकार पाहून. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात ताजी म्हणून विकली जाणारी सुरमई किंवा पापलेट एक तर शीतगृहातील जुनी असते, दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली असते, नाही तर बंदी मोडून आणलेली असते. शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात, तेव्हा पहिले दीड महिने ताज्या सागरी मासळीची मागणीच ठेवू नये.

आकाराच्या बाबतीत राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये मोठे पाऊल टाकले. पापलेटला राज्यमासा घोषित करण्यात आले आणि ५४ प्रजातींसाठी धरण्यायोग्य किमान लांबी ठरवण्यात आली. पापलेटची ती १३५ मिलीमीटर आहे. मुलाच्या कंपासपेटीतील पट्टी १५ सेंटीमीटरची असते. ती मासळीवाल्याच्या पाटीत पापलेटशेजारी ठेवली, की साडेतेरा सेंटीमीटरची खूण लगेच दिसते. मी एकदा ही पट्टी शहरातील बाजारात घेऊन गेले होते. पाटीतील चौदांपैकी नऊ पापलेट त्या खुणेच्या आत होते, आणि विकणाऱ्या बाईंनी स्वतःच सांगितले की लहानाला गिऱ्हाईक जास्त, कारण तो ताटात अख्खा बसतो. गिऱ्हाइकाने लहान पापलेट मागणे बंद केल्याशिवाय हा कायदा कागदावरच राहील.

मुंबईपासून छत्रपती संभाजीनगर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि नांदेड त्याहून कितीतरी दूर. एवढ्या अंतरावर महागडा पापलेट आणण्यापेक्षा बांगडा, तारली यांसारखी भरपूर सापडणारी आणि लवकर वाढणारी मासळी बरी. आणि त्याहून बरी, माझ्या मते, सुकी मासळी. सुकटीला बर्फ लागत नाही, वाया काही जात नाही, आणि लहान जीव अख्खा खाल्ला जात असल्याने त्यातून कॅल्शियमही मिळते. सुकटही वाटेल तशी उपसलेली नको; जवळ्यात इतर माशांची बारीक पिल्ले मिसळलेली दिसली, तर ती बारीक आसाच्या जाळ्याची खूण आहे. निवडताना ताटात थोडी पसरून पाहावी. मीठ आणि वाळू हे सुकटीचे दोन दोष आहेत. चाळून, दोन पाण्यांतून धुऊन आणि कोरडी भाजून घेतली की दोन्ही बरेच कमी होतात.

काट्यांची भीती वाटते. लहान मुलांना मासा द्यावा तरी कसा?

ही भीती योग्य आहे आणि शाळेने ती हसण्यावारी नेऊ नये. रोहू आणि कटला यांच्या मांसात, पाठीच्या कण्यापासून सुटे, इंग्रजी वाय अक्षरासारखे दुटोकी काटे असतात. ते मोठ्यांनाही चुकवतात. पहिली ते चौथीच्या मुलांना रश्श्यातील तुकडा देऊच नये. त्यांच्यासाठी मासा हळद-मीठ लावून वाफवावा, कोमट असताना हाताने कुस्करावा आणि बोटांच्या टोकांनी प्रत्येक काटा वेचावा. आमच्या वसतिगृहातील स्वयंपाकीणबाई हे काम स्टीलच्या परातीत करत असत, कारण कुस्करा परातीत पसरून चोळताना राहिलेला काटा धातूवर खरखर वाजतो आणि कानाला कळतो. नंतर त्यात उकडलेला बटाटा, येसर आणि कोथिंबीर घालून त्या टिक्की थापत. चौथीच्या मुलांनी त्या दिवशी भाकरी नेहमीपेक्षा जास्त खाल्ली.

मोठ्या मुलांना शेपटीकडचा नव्हे, तर पोटाकडचा तुकडा द्यावा. तेथील बरगडीचे काटे मोठे आणि सहज काढता येण्यासारखे असतात. मासळीच्या दिवशी जेवणाची वेळ पंधरा मिनिटांनी वाढवावी, कारण घाईने खाताना काटा अडकतो. काटा अडकल्यास कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावण्याची आपल्याकडील जुनी सवय धोक्याची आहे, त्याने काटा अधिक खोल रुततो. मुलाला डॉक्टरांकडेच न्यावे.

ताजेपणा कसा तपासावा? फॉर्मेलिनचे काय?

डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालसर, अंग दाबल्यावर खड्डा न राहणारे आणि वास पाण्याचा, आंबूस नव्हे; एवढे पाहिले तरी बहुतेक काम होते. मासा धरल्यापासून बर्फात असला पाहिजे आणि बर्फ साधारण माशाच्या वजनाइतका असावा. कापून, डोके काढून आणलेली मासळी शाळेने घेऊ नये. डोळा आणि कल्ले दिसलेच नाहीत, तर तपासणार काय?

बांगडा, तारली आणि कुपा यांच्याबाबत अधिक सावध राहावे. हे मासे उन्हात किंवा उबेत राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन हे त्रासदायक द्रव्य तयार होते, आणि ते शिजवून नष्ट होत नाही. माझ्या माहितीतील एका निवासी शाळेत बर्फ वितळलेल्या खोक्यातील बांगडे दुपारी शिजवले गेले, आणि अर्ध्या तासात अकरा मुलांची तोंडे लाल होऊन अंगाला खाज सुटली. मुले सुदैवाने संध्याकाळपर्यंत बरी झाली, पण त्या शाळेत मासळी कायमची बंद पडली. एका दिवसाच्या निष्काळजीपणाने वर्षभराचे प्रयत्न वाया जातात, म्हणून मी याबाबत कठोर आहे.

मासळी टिकवण्यासाठी फॉर्मेलिन हे विषारी रसायन वापरण्यास कायद्याने मनाई आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ते ओळखण्यासाठी कागदी पट्टीची सोपी चाचणी विकसित केली आहे. शंका आल्यास नमुना बर्फात ठेवून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात कळवावे.

आमच्या घरी माळ आहे. आमच्या मुलांचे काय?

पैठण ही नाथांची नगरी आहे आणि मराठवाड्यात वारकरी घरे गावोगावी आहेत. माळकरी मुलाच्या ताटाजवळ मासळी येणार नाही, याची हमी दिल्याशिवाय हा विषय समितीत मांडूच नये. वेगळी चूल, वेगळे पातेले, वेगळा डाव, शक्य असेल तर वाढणारी व्यक्तीही वेगळी, आणि न खाणाऱ्या मुलांसाठी तितक्याच मोलाचा दुसरा पदार्थ, म्हणजे उसळ, दूध, शेंगदाण्याचा लाडू किंवा पनीर. ‘त्यांना केळे दिले’ एवढ्यावर भागवू नये, कारण केळ्यात मासळीइतकी प्रथिने नसतात. मासळी खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या मुलांच्या पालकांची लेखी संमती वर्षाच्या आरंभी घ्यावी आणि मुलाला सर्वांसमोर हात वर करायला लावू नये.

श्रावण, एकादशी, नवरात्र आणि मार्गशीर्षातील गुरुवार सोडून दिवस ठरवावा. श्रावण पाळण्याची आपली रीत माशांच्या प्रजननाच्या काळाशी बऱ्याच अंशी जुळते. त्यामुळे पोळ्यानंतर मासळी सुरू करण्याचा ठराव श्रद्धाळू पालकांनाही पटतो आणि मच्छीमारांनाही.

अॅलर्जी असेल तर?

प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्यावे. माशाची अॅलर्जी आणि कोळंबी-जवळ्याची अॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोहू पचणाऱ्या मुलाला सुकटीचा त्रास होऊ शकतो.

खर्च कसा भागवायचा?

शालेय पोषण आहाराच्या साहित्यासाठीचा दर १ मे २०२५ पासून प्राथमिकसाठी प्रतिविद्यार्थी ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे आहे. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळे त्यातच. त्या रकमेत मासळी बसत नाही, हे मान्य करूनच बोलावे.

शंभर मुलांना प्रत्येकी पन्नास ग्रॅम द्यायचे, तर पाच किलो साफ केलेले तुकडे लागतात आणि त्यासाठी सुमारे सात ते आठ किलो अख्खा मासा घ्यावा लागतो. पन्नास ग्रॅम रोहूच्या मांसातून जवळपास आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. सुकटीची चटणी द्यायची, तर मुलामागे दहा ग्रॅम पुरते, म्हणजे शंभर मुलांना एक किलो. महिन्यातून दोनदा, एकदा ताजा मासा आणि एकदा सुकट, असा हिशेब बसवला तर पन्नास-साठ पालकांच्या वसतिगृहाला तो पेलतो. सहकारी संस्थेशी वर्षभराचा दर आधी ठरवावा. मोठ्या सणाच्या तोंडावर भाव मागू नये. एखाद्या पालकाचे शेततळे असेल, तर त्याने पैशांऐवजी मासळी दिली तरी चालते, मात्र तीही त्याच तपासणीतून गेली पाहिजे.

पाकिटावर शाश्वततेचे चिन्ह पाहून घेतले तर पुरे नाही का?

मरीन स्टीवर्डशिप कौन्सिलचे निळे चिन्ह जगभर ओळखले जाते, आणि केरळमधील अष्टमुडी सरोवरातील शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये ते मिळाले; भारतातील ते पहिले. पण परळीच्या किंवा उमरग्याच्या बाजारात अशा चिन्हाची मासळी मिळत नाही, आणि धरणातून मासा काढणाऱ्या पंधरा जणांच्या संस्थेला प्रमाणपत्राचा खर्च झेपणारही नाही. आपल्याकडे चिन्हाची जागा ओळखीने घ्यावी. संस्थेच्या होडीत कोणते जाळे आहे, हे काठावर जाऊन पाहता येते.

दुष्काळात काय करायचे?

मासळी थांबवायची. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा त्या धरणातील मासळीचा प्रश्नच उरला नव्हता. पाणी आटू लागले की उरलेल्या डबक्यात मासे दाटीने जमतात, ते धरणे सोपे जाते आणि भावही पडतो. स्वस्त मिळते म्हणून शाळेने नेमकी तेव्हाच भरपूर खरेदी करावी, असे अनेकांना वाटते. पाणी पूर्ण आटणारच असलेल्या लहान तलावातील मासे काढून घेणे योग्यच, कारण ते तसेही मरणार असतात. पण ज्या जलाशयात मृतसाठा टिकणार आहे, तेथे तग धरून राहिलेले मोठे मासे पुढच्या पावसाळ्याचे बीज असतात, ते सोडावेत. कोणता तलाव कोणत्या प्रकारचा, हे तेथील मच्छीमार अचूक सांगतात. अशा वर्षी सुकट आणि कडधान्यांवर भर द्यावा, आणि संस्थेशी असलेला करार मोडू नये, पुढच्या वर्षावर ढकलावा.

मुलांना यात कसे सहभागी करावे?

त्यांना पाण्याकाठी न्यावे. नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथे रोहित आणि इतर स्थलांतरित पक्षी येतात, आणि पाण्यातील अन्नावर माणसाबरोबर त्यांचाही हक्क आहे, हे मुलाला तेथे उभे राहून लगेच समजते. लातूर जिल्ह्यातील मुलांना उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाची भेट ठरवून देता येईल. आमच्या मुलांनी एका सकाळी काठावर जाळी सुटताना पाहिली. एका भोई आजोबांनी त्यांच्यासमोर वीतभर कटला जाळ्यातून सोडवला, पाण्यात धरून थोडा हलवला आणि तो सुटून गेल्यावर म्हणाले, ‘दोन वर्षांनी या, तेव्हा हा तुम्हाला पुरेल.’ परत येताना मुले एसटीत दोन वर्षांनी आपण कितवीत असू, याचा हिशेब करत होती.

शाळेने ठाम नकार दिला तर?

नकाराचे कारण लिहून मागावे. निधी नाही, स्वयंपाकघरात जागा नाही, पालकांचा विरोध आहे, यांपैकी प्रत्येक कारणाचे उत्तर वेगळे असते आणि जागेचे कारण खरे असेल, तर ते मान्य करावे. एकच चूल आणि एकच पातेले असलेल्या शाळेत मासळीचा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. तेथे मुलाचा डबा आपल्या हातात असतोच. सुकटीची कोरडी चटणी भाकरीबरोबर दुपारपर्यंत टिकते. रश्श्यातील मासा मात्र उन्हाळ्यात डब्यात देऊ नये. शाळेत मांसाहारी डब्याला मनाई असेल तर ती पाळावी. समितीची पुढची बैठक केव्हा आहे ते विचारून घ्यावे, आणि तोपर्यंत आपल्या घरी येणारा मासा कोणत्या धरणातला, हे मासळीवाल्याला विचारायला सुरुवात करावी.